गालासाठी दगड

१२ फेब्रुवारी १९९६, सोमवार

मोडला! आबांचा दगड मोडला, आणि तोही माझ्याच हातून.

सोमवार, दुकान बंद. म्हटलं आज दगड सपाट करून घेऊ. आधी वडिलांनी, मग मी, चाळीस वर्षं वस्तरे घासून मधोमध खोलगट झालेला. मोरीत बसले, फरशीवर बारीक वाळू पसरली, पाणी शिंपडलं, दगड पालथा घातला आणि घासायला लागले. दर दोन-तीन वर्षांनी हे करतेच. पण मधे तो किती पातळ झालाय हे या वेळी बघितलंच नाही. टक्क! एक तुकडा हातात, एक वाळूत.

रडले नाही. चार दुकानांचे अकरा वस्तरे डब्यात धारेसाठी पडलेत, रडायला वेळ कुणाला आहे?

धनाजीला दाखवलं. (वहीत नवऱ्याचं नाव घ्यायला मला कोण अडवतंय! तोंडाने आहेच आयुष्यभर 'अहो'.) त्याने दोन्ही तुकडे हातात घेतले आणि म्हणाला, "बरं झालं."

बरं झालं!!

"आता ब्लेडचा वस्तरा आणू. अर्धं ब्लेड अडकवायचं, गिऱ्हाईक उठलं की टाकून द्यायचं. समद्या सलूनात त्येच चाललंय." एवढं बोलून अंघोळीला गेला. मी तशीच वाळूत बसून राहिले.

१३ फेब्रुवारी

डोकं अजून तापलेलंच आहे. लिहून टाकते म्हणजे जरा निवेल.

एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटसमोर आमचं सलून. तिथले माथाडी, व्यापारी, ट्रकवाले सगळे म्हणतात, धनाजीच्या वस्तऱ्याला तोड नाही. धनाजी मान हलवतो. पंधरा वर्षं नुसती मान हलवतोय! धार त्याची नाहीच. वस्तरे डब्यात घालून तो जुईनगरला घरी आणतो आणि दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून मी त्यांना धार लावते. सानपाडा, नेरुळ, वाशी इथल्या तीन दुकानांचे वस्तरेही माझ्याकडेच येतात. त्या तिघांना वाटतं, धनाजी लावतो. बाईने धार लावलेला वस्तरा म्हटलं की गिऱ्हाईक बिथरेल म्हणे!

हे मला आबांनी शिकवलं, माहेरी वाठारला. शिकवायचं होतं खरं थोरल्या भावाला, पंढरीला. पण तो एका जागी दहा मिनिटं बसेल तर शपथ. शेवटी दगड माझ्या पुढ्यात आला. कोणता दगड लोखंडाचा, कोणता कोयत्याचा आणि कोणता गालाचा, हे मला अकराव्या वर्षी कळत होतं. दगडाचं पाणी, दगडाचा आवाज, दगडाचा गाळ. दगडावर झालं की चामड्याच्या पट्ट्यावर, आणि शेवटचे वीस हात उघड्या तळहातावर. तळहाताची ऊब लागल्याशिवाय धार गोड होत नाही, हे आबांचे शब्द.

ब्लेड काय कुणीही अडकवेल. मग मी कोण?

१५ फेब्रुवारी

भांडले. पोटभर भांडले. लेक प्राची अभ्यास सोडून शेजारी जाऊन बसली.

शेवटी मीच अट घातली. एक मेपर्यंत मी दुसरा दगड शोधते. त्या दिवशी मार्केट बंद असतं. शहाजी मुकादमांना खुर्चीत बसवायचं. माथाड्यांच्या टोळीचे मुकादम, दाढी म्हणजे नुसता काथ्या. दुसऱ्या सलूनात ब्लेडने दोनदा फिरवलं तरी गालावरून हात फिरवून "ऱ्हायलीय की रं" म्हणतात. माझ्या धारेने ते एका फेरीत समाधानाने उठले तर वस्तरा राहील. आणि धार कुणाची ते धनाजीने त्यांना सगळ्यांदेखत सांगायचं.

धनाजी म्हणाला, "एक मेपतोर. पण तवर आपल्या दुकानात ब्लेडच चालंल. आन् बाकीच्या तिघांचे वस्तरे परत दे."

पहिलं कबूल केलं. दुसरं ऐकलंच नाही असं दाखवलं.

१६ फेब्रुवारी

मोडक्या दगडाचा मोठा तुकडा अजून चालतो. बोटं आखडतात, पण चालतो. नेरुळचे चार वस्तरे केले.

२० फेब्रुवारी

वाशीला जाऊन हार्डवेअरच्या दुकानातून कारखान्यातला दगड आणला. दुकानदार म्हणाला, "घेऊन जा ताई, विळी, सुरी, कात्री, सगळ्याला चालतो." म्हणजे गालाला चालत नाही!

तरी करून बघितलं. धार लगेच आली, पण खरबरीत. आमच्या दुकानातला कारागीर नंदकिशोर जौनपूरचा, त्याच्या घरीही हाच धंदा. त्याने स्वतःच्या गालावर फिरवून बघितलं. डोळ्यांत पाणी! "भाभी, ह्याने लोखंड कापेल. गाल जळते. असली सिल्ली पाहिजे, पहाडवाली."

त्याची सिल्ली म्हणजे माझा दगड. पहाडवालीच पाहिजे, मला काय माहीत नाही?

२२ फेब्रुवारी

एक गंमत कळली. नंदकिशोरकडूनच. जानेवारी संपल्यापासून धनाजी दाढी करतच नाही म्हणे! फक्त केस कापतो. दाढीवाला आला की "नंदू, बघ रं." टॉवेलही स्वतःचा वेगळा ठेवलाय, कुणाला हात लावू देत नाही.

शेठ झालाय! ब्लेडची हौस कुठून आली ते आत्ता कळलं. धार गेली, हात चालवायचा कंटाळा आला, आता नुसतं गल्ल्यावर बसायचं. मी इथे एका तुकड्यावर बोटं सोलून घेतेय.

२६ फेब्रुवारी, सोमवार

तुर्भ्याच्या रस्त्याला फरशीवाल्यांची रांग आहे. नवीन बिल्डिंगा उठतायत, त्यांना ओटे, खिडक्या, जिने, सगळ्याला दगड. कडप्पा, कोटा, शहाबादी. एवढ्या दगडांत माझा एक मिळणार नाही?

शेवटच्या वखारीत गोटीराम नावाचा माणूस मशीनवर दगड कापतो. तुळजापूरकडचा वडार, बापजाद्यांपासून दगडातलाच. त्याला विचारलं, कापून उरलेले तुकडे बघू का. म्हणाला, "कशाला पायजेत?"

"वस्तऱ्याला धार लावायला."

मशीन बंद करून हसत बसला. "ताई, लोकं वट्याला दगूड नेत्यात. तुमी गालाला न्यायला आलाय व्हय!"

मग मात्र उठला. स्वतः ढिगाऱ्यात शिरला आणि चार तुकडे काढून दिले. दगडाची चेष्टा करणारा माणूस दगड नीट पुसून देतो, हे बघून बरं वाटलं.

२९ फेब्रुवारी

कडप्पा बाद. दिसायला काळाभोर, हाताला मऊ, पाणी एकदम पीत नाही. इथवर छान. गाळ दातावर घेतला. आबा हेच करायचे. दगडावर पाणी घालून घासायचं, येईल तो गाळ बोटाने उचलून पुढच्या दातांत धरायचा. करकरला तर गालावरही करकरणार. कडप्पा मुळीच करकरला नाही, लोण्यासारखा. पण पोलाद खातच नाही! शंभर हात मारले, धार होती तिथेच. नुसती चमकली.

प्राची म्हणाली, "आई, तू चिखल खातेस?" म्हटलं, हो, तुझ्या बापाच्या अब्रूसाठी. तर म्हणते, "तुमचं दोघांचं काय ते टेन्शन, मला मधे घेऊ नका हां." आठवीत आहे!

६ मार्च

कोटा. हिरवट, देखणा. आणि दगाबाज. उन्हात ओला करून तिरपा धरला तर आत कण चमकले. एकेक कण वस्तऱ्याला दात पाडतो हे मला माहीत होतं, तरी हट्टाने घासला. सानपाड्याच्या वस्तऱ्याला दोन खाचा पडल्या. माझी चूक. आता त्या काढायला कारखान्यातल्या दगडावर अर्धा दिवस जाणार.

१० मार्च

पंढरीला पत्र टाकलं. आबांच्या दगडाची जोड त्याच्याकडे वाठारला पडून आहे. एकाच खाणीतले दोन भाऊ होते ते दगड, आबा तसंच म्हणायचे. पंढरी वस्तरा कधीच सोडून बसलाय, एसटीत कंडक्टर आहे. दगड कपाटावर धूळ खातोय. मागितला.

१४ मार्च

धनाजी दुपारीच घरी आला, अचानक. मी तळहातावर वस्तरा फिरवत होते. शेवटचे वीस हात. त्याने येऊन मनगटच धरलं.

"हातावर नगं करू म्हनून कितींदा सांगितलं?"

कधी सांगितलं? पंधरा वर्षांत कधी सांगितलं? वस्तरा निसटला, अंगठ्याला लागला. थेंबभर रक्त. त्यावर त्याचा चेहरा असा झाला जसा काही मी हात तोडून घेतला! स्वतः नळाखाली धरला, साबण लावला, पट्टी बांधली. आणि वस्तरा घेऊन सरळ पातेल्यात टाकून उकळत ठेवला. माझा धारेला आणलेला वस्तरा उकळत्या पाण्यात!

एवढी माया आहे तर "बरं झालं" म्हणताना कुठे गेली होती? असं तोंडावर बोलले. तो दुकानात निघून गेला.

२१ मार्च

पंढरीचं उत्तर. पोस्टकार्डावर, म्हणजे गावातल्या पोस्टमनपासून इथल्या शेजारणीपर्यंत सगळ्यांनी वाचलेलं. "चि. सुनयना हीस आशीर्वाद. वडिलांचा दगड घराण्याचा आहे. घराणं पुरुषावर चालतं. दाजींनी मागितला असता तर विचार केला असता. तू हे उद्योग बंद कर, लोक हसतात."

घराणं! पंढरी तिकिटं फाडतो आणि घराणं त्याच्यावर चालतं!

उत्तर लिहिलं, पोस्टकार्डावरच, मोठ्या अक्षरात, म्हणजे त्याच्या पोस्टमनलाही वाचता येईल. "ति. दादास. दगड कपाटावरच राहू दे. मी माझा शोधीन, आणि तुझ्यापेक्षा चांगला. लोकांना हसू दे, त्यांची दाढी मी करते."

२२ मार्च

पोस्टात टाकलं. बरं वाटलं.

१ एप्रिल, सोमवार

महिना उरलाय. शाळेची पाटी घासून बघितली, शहाबादीचे सहा तुकडे बघितले, बेलापूरच्या खाडीकडच्या कोळणीकडून तिचा कोयत्याचा दगडसुद्धा बघायला मागितला. ती म्हणाली, "बाय, यो माज्या सासूचा हाय, याला हात लावू नको." बरोबर आहे तिचं. मीही दिला नसता.

मोडका तुकडा आता सुपारीएवढ्या जागेत काम देतो.

९ एप्रिल

मार्केटच्या गेटवर आरोग्यवाल्यांनी कागद लावलाय म्हणे. प्राची वाचून आली. एकाच्या दाढीचा वस्तरा दुसऱ्याला वापरू नये, नवीन ब्लेडचा आग्रह धरा, रक्तातून रोग पसरतात, वगैरे. धनाजीने तोच कागद दुकानातही लावून घेतला!

ज्याने हा कागद छापला त्याने कधी वस्तरा हातात धरलाय? आबांनी दोन गावांच्या दाढ्या केल्या, कोण मेलं? तुरटी आहे, गरम पाणी आहे. वस्तरा बोथट असला की गाल कापतो. धार चांगली असली तर रक्त येतंच कशाला? मला नाही पटत. घरात माझ्यासमोर तो कागद वाचायचा नाही, असं सांगून टाकलं.

१५ एप्रिल, सोमवार

सापडला!!

आणि कुठे सापडला! गोटीरामकडे फरशीचा ट्रक आला होता, कर्नाटकातून. फरश्या एकमेकींना लागू नयेत म्हणून मधे टेकण देतात, काहीबाही धोंडे. फरशी उतरली की ते धोंडे रस्त्याकडेला. मी उगाच बसले होते तोंड पाडून. पायाशी एक पडलेला, राखाडी, एका कडेला हिरवट झाक. सवयीने नखाने टिचकी मारली. घंटेसारखा नाही, फुटक्या मडक्यासारखाही नाही. मधला. आबांच्या दगडाचा आवाज!

पाणी घातलं. पसरलं, आणि सावकाश, अगदी सावकाश आत गेलं. उन्हात तिरपा धरला. एकही कण नाही. गोटीरामच्याच चाकूची पाठ घासली, गाळ दातावर घेतला. सुरुवातीला किंचित कर्र, आणि मग काहीच नाही. पोलाद खातो आणि पोटातल्या पोटात बारीक होत जातो! असा दगड आयुष्यात एकदा मिळतो. मला तो विकत घ्यावाही लागला नाही, तो फेकलेला होता.

गोटीराम म्हणाला, "ह्यो तर टेकनाचा धोंडा, ताई. ह्यात काय बगितलं?" म्हटलं, काप आधी. चार बोटं रुंद, वीतभर लांब. कापताना हात जोडून उभी होते, चीर जाईल म्हणून. गेली नाही. त्याला म्हटलं, एक मेला दुकानात ये, या दगडाची पहिली दाढी बघायला.

१६ ते २४ एप्रिल

लिहायला फुरसत नाही. दगड सपाट केला. कडा घासून गोल केल्या. तेल नाही, फक्त पाणी. एकदा तेल पाजलेला दगड पुन्हा पाण्याला येत नाही. नेरुळ, सानपाडा, वाशी, सगळ्यांचे वस्तरे याच्यावरच केले. नेरुळवाल्याने निरोप पाठवला, "धनाजीशेठला सांगा, असली धार कधी बघितली नव्हती." धनाजीशेठला!

थांबा. आठवडाभर थांबा.

३० एप्रिल

उद्याचा वस्तरा तयार. धनाजीने नवा कोरा वस्तरा आणून दिला, जुन्याला हात लावू देईना. लावली त्याला धार. तर आज सकाळी त्याने तो घेतला आणि अर्धा तास उकळला! धारेची वाट लागते ना! परत पट्ट्यावर घेतला. तळहातावर घ्यायला लागले तर म्हणाला, "नगं. पट्ट्यावरच सोड. माझ्यासाठी." असं कधी बोलत नाही तो. सोडला. धार तेवढ्यानेही होती.

१ मे, बुधवार

पंधरा वर्षांत पहिल्यांदा दुकानाची पायरी चढले. हिरवी साडी नेसून. बघू दे ज्याला बघायचंय त्याला!

शहाजी मुकादम आठ दिवसांची दाढी ठेवून आलेले, मुद्दाम. गोटीराम दाराशी. टोळीतले पाच-सहा जण बाकावर. दाढी नंदकिशोरने केली, धनाजीने वस्तरा हातात घेतलाच नाही. मी आरशाच्या बाजूला भिंतीला टेकून उभी. साबणाचा फेस, पहिला हात कानापासून खाली. आवाज आला नाही. काथ्यासारखी दाढी आणि आवाज नाही! दुसरा हात. हनुवटीखाली, जिथे सगळे अडकतात, तिथे नंदू अडकला नाही. एकच फेरी.

मुकादमांनी गालावरून हात फिरवला. उलटा फिरवला. परत फिरवला. "धनाजी, लेका, ही धार कुनाची?"

मी धनाजीकडे बघितलं. आता मान हलवलीस तर बघ, असं मनात.

"हिची," तो म्हणाला. "पयल्यापासनं हिचीच हाय, मुकादम. समद्या दुकानांची."

बाकावर कुणीतरी खाकरलं. आणि मुकादम खुर्चीतून उठले, माझ्यासमोर आले, हात जोडले. "वैनी, पंधरा वर्स माझ्या गालावर तुमचा हात फिरतोय, आन् मला ठावंच न्हाई! आता समद्या मार्केटात सांगतो."

मीही हात जोडले. घरी येऊन मोरीत नळ सोडून रडले. आज वेळ होता.

५ मे

मुकादमांनी खरंच सांगितलं! तुर्भे आणि कोपरखैरण्याची तीन नवीन दुकानं आली. सात झाली. वस्तरे आता माझ्या नावाने येतात. डब्यावर चिठ्ठी, "सुनयनाताई, जुईनगर". चिठ्ठी इथेच वहीत चिकटवते.

धनाजी जेवत नाही नीट. हरला म्हणून तोंड पाडून बसलाय. बसू दे.

९ मे

तो हरला म्हणून नव्हता बसला.

कसं लिहू. दुपारी मी तुर्भ्याचे वस्तरे करत होते. तळहातावर. तो दारात उभा होता, मला दिसला नाही. खाली बसला, माझ्यासमोर, फरशीवर. म्हणाला, "बास कर, सुनयना. ऐक."

सव्वीस जानेवारीला मंडळाचं रक्तदान होतं. त्याने रक्त दिलं, पहिल्यांदाच. फेब्रुवारीच्या सुरुवातीला चिठ्ठी आली, येऊन भेटा. गेला. त्याच्या रक्तात कावीळ आहे. साधी नाही, ती 'बी' वाली. अंगात काही दिसत नाही, वर्षानुवर्षं बसून राहते. रक्तातून जाते. सुईने, वस्तऱ्याने. त्या दिवसापासून त्याने एकही दाढी केली नाही. म्हणून ब्लेड. म्हणून टॉवेल. म्हणून पातेल्यात वस्तरा.

"मला का नाही सांगितलं?" मी ओरडले. "तीन महिने!"

"न्हाव्याच्या रक्तात रोग हाय म्हनल्यावर दुकानात कोन येईल गं? वाटलं, गुपचूप ब्लेड लावू. तूबी सोडशील." मग म्हणाला, "एक मेला जीव घाबरा झालेला. पण वस्तरा नवा हुता, उकळलेला हुता. आन् तुझं नाव सांगायचं ऱ्हायलं हुतं माझ्याकडनं."

मला त्याचा इतका राग आला, इतका राग आला, आणि त्याला हाताने धरून उठवलंही मीच. बाकीच्या तिघांचे वस्तरे परत दे म्हणाला होता. मी ऐकलं नव्हतं. सात केले!

वस्तरे सगळे डब्यात बंद केलेत. एकालाही हात लावलेला नाही.

१३ मे, सोमवार

तिघंही दवाखान्यात गेलो. रक्त काढलं, माझं आणि प्राचीचं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मऊ. घाबरू नका, पुष्कळ लोकांच्या अंगात असते, औषधपाणी, तपासणी, लेकीला लस देता येते, सगळं समजावलं. मग माझा कागद भरायला घेतला. नाव, वय, पत्ता. काम विचारलंच नाही, "गृहिणी" लिहायला लागल्या.

"थांबा," मी म्हटलं. "मी वस्तऱ्यांना धार लावते."

त्यांनी वर बघितलं. "किती वस्तऱ्यांना?"

"पंधरा वर्षं. आधी चार दुकानांच्या, आता सात."

"सगळे एकाच दगडावर?"

"एकाच. शेवटी तळहातावर."

पेन खाली ठेवलं त्यांनी. माझा हात मागितला. उजेडात धरला, सगळ्या जुन्या रेघा बघितल्या, कापल्याच्या. कधी कावीळ झाली होती का, विचारलं. झाली होती. प्राची दोन वर्षांची असताना, आठ-दहा दिवस डोळे पिवळे होते. गावठी औषध घेतलं, उतरली. तेव्हाही धार लावतच होते.

परत येताना बसमध्ये धनाजी आणि मी शेजारी बसलो. दोघांच्याही मनात एकच हिशोब चालला होता.

१७ मे

रिपोर्ट आले. प्राचीचा कोरा. माझा नाही.

त्याच्याकडून मला की माझ्याकडून त्याला, आणि आणखी कुणाकुणाला, ते आता कुणालाच सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. ज्यांच्या दाढ्या झाल्या त्यांनी तपासून घ्यावं, एवढंच.

धनाजी म्हणतो, "माझं नाव सांगू. माझ्या रक्तात निघालं म्हनू. तुझं कशाला मधी?"

नाही! धार पंधरा वर्षं तुमच्या नावावर होती तेव्हा मी गप्प बसले. हे नाही बसणार. सातही दुकानांत मी स्वतः जाऊन सांगणार. तो बरोबर येतो म्हणाला, या म्हटलं.

आधी शहाजी मुकादमांकडे.